१९.४ आणि २०.५ हर्ट्झ

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत सँड प्लांटच्या डस्ट कलेक्टरचा ब्लोअर थरथरत होता. तक्रार साधीच, पण आकडा एका जागी ठरत नव्हता. हातातला व्हायब्रेशन मीटर एकदा ५ मि.मी. प्रति सेकंद दाखवायचा, लगेच ८.५, मग पुन्हा ६. सकाळच्या पाळीच्या नोंदवहीत ५.२ आणि दुपारच्या पाळीत ८.१. फिटरचं म्हणणं सरळ होतं : "सायेब, मीटरच गंडलाय बघा."

मीटर गंडलेला नव्हता. ते आधी सिद्ध करावं लागतं, म्हणून कुठल्याही कामावर जाताना हातात धरायचा कॅलिब्रेटर सोबत नेतो. तो सेन्सरला १५९.२ हर्ट्झला १० मीटर प्रति सेकंद वर्ग इतका आरएमएस (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) प्रवेग देतो. हा आकडा विचित्र वाटतो, पण तो मुद्दाम निवडलेला आहे. १५९.२ हर्ट्झ म्हणजे सेकंदाला १००० रेडियन. त्यामुळे तेच कंपन वेगात मोजलं तर १० मि.मी. प्रति सेकंद आणि विस्थापनात १० मायक्रॉन येतं. प्रवेग, वेग, विस्थापन तिन्ही पडद्यांवर १० दिसलं की सेन्सर, केबल, उपकरणात भरलेली संवेदनशीलता आणि इंटिग्रेशन हे सगळं एका मिनिटात तपासून होतं. मीटर ९.९ दाखवत होता. म्हणजे हलत होतं ते मशीनच.

ब्लोअरची माहिती अशी. मोटर २२ किलोवॅट, टॅकोवर (फेरे मोजणाऱ्या उपकरणावर) मिनिटाला १४६५ फेरे. मोटरची पुली २०० मि.मी., ब्लोअरची २५०. त्यावर एसपीबी सेक्शनचे, २२४० मि.मी. लांबीचे ३ पट्टे. इंपेलर, म्हणजे पात्यांचं चाक, ७६० मि.मी. व्यासाचा, १० पात्यांचा, शाफ्टच्या टोकाला लटकता. शाफ्टसह रोटरचं वजन ८५ किलो. खाली काँक्रीटचं फौंडेशन, रबरी पॅड नाहीत. ब्लोअरचे फेरे टॅकोवर ११६४ भरले, म्हणजे १९.४ हर्ट्झ. पुल्यांच्या गुणोत्तराने ११७२ यायला हवेत. पट्टा ताणाखाली थोडा सरकतोच, त्यात तेवढे जातात.

मर्यादेबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी. कारखान्यांत बहुतेक ठिकाणी आयएसओ १०८१६-३ चा तक्ता भिंतीवर चिकटवलेला असतो. ब्लोअरसाठी त्याच्यापेक्षा आयएसओ १४६९४ पाहणं योग्य. त्यातल्या बीव्ही-३ वर्गात, कडक पायावर बसवलेल्या पंख्याला नव्याने चालू करताना ४.५, इशाऱ्याची पातळी ७.१ आणि बंद करण्याची ९.० मि.मी. प्रति सेकंद आरएमएस. आता नोंदवहीतले ५.२ आणि ८.१ पुन्हा पाहा. एका पाळीत मशीन चालवण्यासारखं, दुसऱ्या पाळीत इशाऱ्याच्या पलीकडे. असा आकडा निर्णयाला काही कामाचा नाही.

सेन्सर १०० मिलिव्होल्ट प्रति जी चा (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा प्रवेग), चुंबकावर. प्लमर ब्लॉकवर, म्हणजे बेअरिंगच्या घरावर, ऑइल पेंटचे तीन-चार थर आणि त्यावर बेंटोनाइटची (साच्याच्या वाळूत मिसळायच्या मातीची) धूळ होती. ती पुसून, रंग खरवडून रुपयाएवढी जागा उघडी केली. ब्लॉक वरून गोलसर असतो, त्यावर सपाट चुंबक दोन टोकांवर डुलतो. म्हणून दोन रेषांवर बसणारा चुंबक वापरला. बसवल्यावर बोटाने हलवून पाहायचं. जरा जरी 'टक' वाजलं तरी जागा बदलायची. एवढ्या कमी फ्रिक्वेन्सीला चुंबक पुरतो. बेअरिंगच्या बारीक दोषासाठी २००० हर्ट्झच्या वर जायचं असेल तर मात्र आट्यांनी घट्ट बसणारा स्टडच हवा. केबल ब्लॉकलाच चिकटपट्टीने बांधायची, लोंबकळू द्यायची नाही. सिग्नल किती लहान असतो ते ध्यानात ठेवावं : १९.४ हर्ट्झला ६ मि.मी. प्रति सेकंद म्हणजे जेमतेम साडेसात मिलिव्होल्ट. हलणारी केबल त्यात सहज भर घालते.

पुलीकडच्या बेअरिंगवर आडव्या दिशेला पहिला स्पेक्ट्रम (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती कंपन याचा आलेख) घेतला तो नेहमीच्या सेटिंगवर, १००० हर्ट्झपर्यंत आणि ४०० रेषा. २० हर्ट्झजवळ एकच जाड शिखर. पंख्याच्या फेऱ्याला कंपन, म्हणजे अनबॅलन्स (एका बाजूला वजन जास्त), म्हणजे वजन लावा. असा निष्कर्ष इथे बहुतेक जण काढतात आणि आधी कुणीतरी काढलाही होता. तपासणीच्या झाकणातून टॉर्च मारल्यावर बॅकप्लेटवर वेल्ड केलेले तीन जुने तुकडे दिसले. त्यातले दोन जवळपास समोरासमोर होते, म्हणजे एकमेकांना खोडणारे. बॅलन्सिंग करणारा माणूस आकड्यामागे पळत राहिला की असं होतं.

१००० हर्ट्झ भागिले ४०० रेषा म्हणजे एका रेषेला २.५ हर्ट्झ. हॅनिंग विंडो (नोंदीची दोन्ही टोकं हळूहळू शून्यावर आणणारी खिडकी) लावल्यावर परिणामी रुंदी त्याच्या दीडपट, ३.७५. तेवढ्या जागेत दोन शिखरं शेजारी उभी असली तरी एकच दिसणार. शिवाय या सेटिंगला उपकरण एका वेळी फक्त ०.४ सेकंदाचा सिग्नल उचलतं. रेषेची रुंदी आणि नोंदीचा वेळ हे एकमेकांचे व्यस्त. बारीक बघायचं तर जास्त वेळ ऐकावंच लागतं, उपकरण कितीही महाग असो.

म्हणून वरची मर्यादा १०० हर्ट्झवर आणली आणि रेषा ८०० केल्या. आता रेषेला ०.१२५ हर्ट्झ आणि एका नोंदीला ८ सेकंद. निम्म्या ओव्हरलॅपने ६ सरासऱ्या, एकूण २८ सेकंद. फौंड्रीत २८ सेकंद म्हणजे काहीच नाही. पण शेजारी शेकआउट (साच्यातून कास्टिंग झटकून काढणारी जाळी) चालू असताना नोंद बिघडते, म्हणून तो थांबण्याची वाट पाहिली.

जाड शिखर दुभंगलं. १९.४ ला ६.० मि.मी. प्रति सेकंद आणि २०.५ ला ३.१. बाकी सगळं मिळून दीडच्या आसपास. तिन्हींचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढलं तर ६.९. हाच या मशीनचा खरा आकडा.

१९.४ पंख्याचा. २०.५ कुणाचा? मोटर २४.४ ला, ती नव्हे. पट्ट्याची फ्रिक्वेन्सी काढायची तर पुलीचा परीघ गुणिले फेरे भागिले पट्ट्याची लांबी : ३.१४१६ गुणिले २०० गुणिले १४६५ भागिले २२४० बरोबर मिनिटाला ४११, म्हणजे ६.८५ हर्ट्झ. तिप्पट केलं की २०.५. स्पेक्ट्रममध्ये ६.८५ आणि १३.७ लाही लहान शिखरं होती. आधी तिकडे कुणाचं लक्ष जाण्याचं कारण नव्हतं.

नुसत्या गणितावर पट्टे बदलायला सांगत नाही. पट्ट्यांच्या पाठीवर खडूने आडवी रेघ मारली आणि स्ट्रोबोस्कोप मिनिटाला ४११ झगमगाटांवर लावला. मधल्या पट्ट्याची रेघ हवेत थबकल्यासारखी उभी राहिली. बाहेरच्या दोन पट्ट्यांच्या रेघा मात्र हळूहळू सरकत होत्या, म्हणजे तिघांची लांबी सारखी राहिलेली नव्हती. मशीन बंद करून मधला पट्टा बोटांत धरून फिरवला तर एका जागी वीतभर भाग टणक आणि चकचकीत, आतल्या बाजूने भेगाळलेला. पट्टा कधीतरी अडकून पुली त्याच जागी घासली की असा डाग पडतो.

आता मीटर का डुलत होता ते उघड होतं. १९.४ आणि २०.५ मध्ये १.१ हर्ट्झचं अंतर, म्हणजे साधारण ०.९ सेकंदाला एकदा दोन्ही कंपनं एकमेकांना साथ देतात आणि मध्येच विरोध करतात. ०.४ सेकंदाची नोंद कधी चढावर पडते, कधी उतारावर. ज्यांनी सतार किंवा तंबोरा जुळवलाय त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. दोन तारा सुराला जवळ आल्या की जी 'वाँव वाँव' येते, तीच इथे काँक्रीटमध्ये होती. ब्लोअरशेजारी उभं राहिलं की तळपायाला ती कळायची. साउंड लेव्हल मीटरला मात्र कळत नव्हती, कारण ए वेटिंग, म्हणजे माणसाच्या कानाप्रमाणे आवाज मोजायची गाळणी, २० हर्ट्झला तब्बल ५० डीबी कापतं. एक मीटरवरून ऐकू येणारा घोगरा आवाज पात्यांचा, १० गुणिले १९.४ म्हणजे १९४ हर्ट्झचा. आवाज मोजून या थरथरीचा पत्ता लागला नसता.

तीनही पट्टे एकदम बदलले. एकच नवा घालून दोन जुने ठेवले तर सगळा भार आखूड पट्ट्यावर येतो. उद्यमनगरातून एकाच बॅचचे तीन मागवले. पुल्या दोरीने एका रेषेत घेतल्या, चार ठिकाणी दोरी टेकली पाहिजे. ताण मोकळ्या अंतराच्या मीटरला १६ मि.मी. दाब या हिशोबाने. इथे मध्यांतर ७६५ च्या आसपास, म्हणून १२ मि.मी. नवा पट्टा पहिल्या काही तासांत सैल पडतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पुन्हा ओढला. २०.५ चं शिखर ३.१ वरून ०.४ वर आलं आणि मीटर स्थिर झाला. आकडा अजून चढाच होता, पण आता तो एकच होता आणि त्याची फेजही (शाफ्टवरच्या खुणेपासून कंपनाचं शिखर किती अंशांवर येतं ते) स्थिर होती. बॅलन्सिंगची वेळ ही.

फेज न बघता बॅलन्सिंग होतच नाही. पट्टे जुने असताना १९.४ ची फेज ४० अंशांपासून ११० पर्यंत हेलकावत होती. त्यातल्या कुठल्याही आकड्यावर वजन लावलं असतं तर चौथा तुकडा वेल्ड झाला असता. आडव्या आणि उभ्या दिशेच्या फेजमध्ये साधारण ९० अंशांचा फरक हवा, तो मिळाला. हा फरक ० किंवा १८० च्या जवळ आला असता तर आधी सैल बोल्ट किंवा रेझोनन्स शोधावा लागला असता.

वजनाच्या आधी सफाई. कोपऱ्यातल्या आयसोलेटरला कुलूप, किल्ली खिशात, डँपर (डक्टमधली हवेची झडप) बंद. डक्टमधल्या ओढीने मोकळा इंपेलर आपोआप फिरतो आणि हात आत असतो. पात्यांच्या मागे वाळू-बेंटोनाइटचा पापुद्रा बोटभर साचला होता, कुठे निघालेला, कुठे घट्ट. स्क्रेपरने आणि तारेच्या ब्रशने तो साफ केला. निव्वळ त्याने ६.० चे ४.६ झाले. साचलेल्या धुळीवर बॅलन्सिंग केलं आणि आठवड्याने एक पापुद्रा सुटला, तर केलेलं सगळं पाण्यात.

शाफ्टवर १० मि.मी. रुंदीची चमकती पट्टी, बाकीचा भाग काळ्या मार्करने रंगवलेला. तिरपं ऊन आलं की टॅको जास्तीचे फेरे मोजतो, म्हणून पुठ्ठ्याचा आडोसा. मग दहा मिनिटं चालवून पहिली नोंद : ४.६ मि.मी. प्रति सेकंद, ७० अंश.

ट्रायल वजन, म्हणजे परिणाम बघायला तात्पुरतं लावायचं वजन, किती घ्यायचं? रोटरच्या वजनाच्या दहाएक टक्के केंद्रोत्सारी बल येईल इतकं. ३५० मि.मी. त्रिज्येला या फेऱ्यांत २० ग्रॅमचं बल १०४ न्यूटन होतं, म्हणजे साडेदहा किलोच्या आसपास. ८५ किलोच्या रोटरला ठीक. याच्या निम्म्याने फरक कळला नसता आणि दुपटीने, चुकीच्या जागी पडलं असतं तर, बेअरिंगला त्रास झाला असता. खुणेच्या पात्याला, म्हणजे ०, वजन क्लँपने आवळलं. दुसरी नोंद : ६.२, ९० अंश.

आलेखाच्या कागदावर दोन बाण काढले. पहिल्याच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंतचा बाण हा २० ग्रॅमचा एकट्याचा परिणाम : २.४५, १३० अंश. मूळ ४.६ खोडायचं तर वजन २० गुणिले ४.६ भागिले २.४५, म्हणजे ३७.६ ग्रॅम. परिणाम १३० वरून २५० अंशांवर, मूळच्या ७० च्या बरोबर समोर, जायला हवा, म्हणजे १२० अंश फिरवायचा. कोणत्या दिशेला, इथे सर्वात जास्त चुका होतात. आमचं उपकरण फेज लॅग दाखवतं. वजन फिरण्याच्या विरुद्ध बाजूला सरकवलं की शिखर उशिरा येतं आणि लॅग वाढतो, म्हणून १२० अंश फिरण्याच्या विरुद्ध दिशेला. दुसऱ्या बनावटीचं उपकरण उलटं दाखवू शकतं. ते एकदा वजन सरकवून पडताळून घ्यावं. आणि ट्रायल वजन काढायचं विसरू नये. क्लँप झाकणाआड राहतो आणि अख्खा हिशोब फसतो.

१० पाती म्हणजे दोन पात्यांत ३६ अंश. १२० अंश तिसऱ्या आणि चौथ्या पात्याच्या मध्ये येतात. बॅकप्लेट पातळ होती, तिच्या मोकळ्या भागावर वेल्ड केलं की ती वाकते. पात्याच्या मुळाशी आधार असतो. म्हणून वजन विभागलं : तिसऱ्याला २६, चौथ्याला १३.३ ग्रॅम. बेरीज ३७.६ पेक्षा जास्त दिसते, कारण बल दोन दिशांत वाटलं जातं. २५ बाय ६ ची पट्टी दर मिलिमीटरला जवळपास १.१८ ग्रॅम भरते. वेल्डचेही दोनेक ग्रॅम धरून तुकडे २०.५ आणि ९.५ मि.मी. कापले आणि सोनाराच्या काट्यासारख्या छोट्या डिजिटल काट्यावर तोलले.

वेल्डिंगचा अर्थिंग क्लँप इंपेलरलाच लावायचा. फौंडेशनला किंवा प्लमर ब्लॉकला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो, रोलरवर बारीक जळके ठिपके पडतात आणि दोन महिन्यांत बेअरिंग ओरडायला लागतं. मग दोष बॅलन्सिंगवर येतो.

शेवटची नोंद : १९.४ ला ०.९, एकूण १.८ मि.मी. प्रति सेकंद. उरलेलं असंतुलन सात ग्रॅमच्या आसपास, जी ६.३ या बॅलन्सिंगच्या दर्जाने या रोटरला ३५० मि.मी. वर साडेबारा ग्रॅम चालतात. याहून खाली नेण्यात अर्थ नव्हता, पहिल्याच पाळीत त्याहून जास्त धूळ बसते. नोंदवहीच्या पानावर आकड्याशेजारी तीन रकाने वाढवून दिले : रेषा किती, नोंद किती सेकंदांची, डँपर किती उघडा.

हीच दोन जवळच्या शिखरांची अडचण ऐकण्याच्या खोलीत जशीच्या तशी भेटते, आणि तिथे जास्त वेळ ऐकण्याचा हा उपाय चालत नाही. ऑडिओचा नाद असलेल्यांसाठी हा भाग जरा सविस्तर.

राजारामपुरीतली खोली १२ बाय १० फुटांची, स्लॅबची उंची साडेनऊ फूट. आवाजाचा वेग २५ अंश तापमानाला सेकंदाला ३४६ मीटर धरला तर लांबीचा पहिला मोड (समोरासमोरच्या भिंतींमध्ये आवाज घुमण्याची ठराविक फ्रिक्वेन्सी) ४७.३ हर्ट्झला, रुंदीचा ५६.८ ला, उंचीचा ५९.७ ला. मोजणीचा युमिक-१ माइक, त्याच्या सिरियल नंबरची कॅलिब्रेशन फाइल आणि रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर. पहाटे, पंखा आणि फ्रिज बंद करून, १० ते ३०० हर्ट्झचा साडेपाच सेकंदांचा स्वीप, म्हणजे सलग चढत जाणारा सूर. ५८ च्या आसपास एक रुंद टेकडी, तबल्याचा डग्गा फुगवणारी.

स्मूदिंग (आलेख गुळगुळीत करणं) काढलं, विंडो ५०० मिलिसेकंदांवरून एक सेकंदावर नेली. टेकडी दुभंगली नाही. ब्लोअरचं शिखर सुईसारखं असतं, कारण मोटर त्याला अखंड ढकलते. खोलीतला मोड मात्र विरत जातो. तो ६० डीबी विरायला अर्धा सेकंद लागत असेल तर शिखराची स्वतःची रुंदी २.२ भागिले ०.५, म्हणजे ४.४ हर्ट्झ. ३ हर्ट्झवरचं दुसरं शिखर त्यात बुडणारच. इथे वेळ देऊन भागत नाही, जागा बदलावी लागते.

रुंदीच्या मोडचा दाब दोन भिंतींच्या बरोब्बर मध्ये शून्य असतो, उंचीच्या मोडचा जमीन आणि स्लॅबच्या मध्ये. म्हणून एकच स्पीकर चालू ठेवून दोन स्वीप घेतले. माइक रुंदीच्या मध्यावर, जमिनीजवळ : उरलेलं शिखर ६० ला, म्हणजे उंचीचं. माइक बाजूच्या भिंतीला चिकटून, जमिनीपासून १.४५ मीटरवर : शिखर ५७ ला, म्हणजे रुंदीचं. दोन सुया वेगळ्या झाल्या.

ऐकणारा खोलीच्या मध्यरेषेवर बसतो, त्याला ५७ जवळजवळ ऐकूच येत नाही. त्याला छळतो तो ६०, आणि तो स्लॅबचा. बाजूच्या भिंतींवर लावलेल्या गाद्यांचा त्याला काहीही उपयोग नाही, आणि ५८ वर ठेवलेला ईक्यूचा फिल्टर दोन्हींच्या मध्येच पडतो. उपाय स्टँडचा निघाला. वूफर जमिनीपासून ०.६ मीटरवर होता. उंचीच्या मोडला तो ०.८ पटीने चालना देत होता. एक मीटरवर नेला की ०.४७ पट, म्हणजे हिशोबाने ४.६ डीबी कमी. मोजल्यावर चारच्या आसपास मिळाले. ट्वीटर कानाच्या वर जातो, म्हणून पेट्या उलट्या ठेवल्या, वूफर वर आणि ट्वीटर खाली. खुर्ची मागच्या भिंतीपासून अडीच फूट पुढे ओढली आणि ४७ ची टेकडीही बसली. पेट्यांखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घातले आहेत, स्टँडच्या पत्र्याची किणकिण थांबली.